वाचकांचे प्रश्न : ११७ विजय, ११७ पराभव आणि ईलाय मॅनिंग

गेल्या अंकात अमेरिकी फुटबॉलविषयी लिहिताना मी न्यूयॉर्क जायंट्सचा निवृत्त क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, ईलाय मॅनिंग याच्याबद्दल एकच वाक्य लिहिले होते. दोन सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकून देणाऱ्या या खेळाडूला २०२५ साली पहिल्या संधीत हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मान-दालनात, स्थान मिळाले नाही, असे ते वाक्य होते. त्यावर न्यू जर्सीपासून बेळगावपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली आणि त्यांतली बरीचशी इतकी तळमळीने लिहिलेली होती की या वेळचे संपूर्ण सदर याच एका विषयाला द्यावे असे वाटले.

प्रश्न (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी) : माझ्या मुलाचा जन्म २००६ सालचा. २००८ चा सुपर बोल मी त्याला मांडीवर झोपवून पाहिला. आता तो मला म्हणतो, ‘‘बाबा, ज्याने ११७ सामने जिंकले आणि ११७ च हरले, तो थोर कसा?’’ मला उत्तर देता येत नाही आणि त्याचे म्हणणे पटतही नाही. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : आपल्या मुलाने सांगितलेला आकडा अचूक आहे. २००४ ते २०१९ या सोळा हंगामांत साखळी फेरीचे २३४ सामने ईलायने सुरुवातीपासून खेळले आणि त्यांतले बरोबर निम्मे जायंट्सने जिंकले. मात्र हा आकडा एका ओळीत वाचला की त्यातली गोष्ट हरवते. म्हणून मी तो वर्षांप्रमाणे मांडून पाहिला, आणि आपण बापलेकांनीही एकदा कागद-पेन्सिल घेऊन तसा मांडून पाहावा.

२००४ ते २०१२ या पहिल्या नऊ हंगामांत त्याच्या नावावर ७८ विजय आणि ५७ पराभव आहेत. २०१३ ते २०१९ या पुढच्या सात हंगामांत ३९ विजय आणि ६० पराभव आहेत. आपल्याला आठवतो तो पहिल्या नऊ वर्षांतला ईलाय. आपला मुलगा खेळ समजण्याच्या वयाचा झाला तेव्हा पडझड सुरू झालेली होती, त्यामुळे त्याने पाहिला तो दुसरा ईलाय. आपण दोघे जे पाहिले तेच सांगत आहात. घरातला वाद त्यामुळेच मिटत नाही.

आता पुढचा प्रश्न असा की ही पडझड कोणाची होती? २०१३ साली त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या हातात २७ पास दिले. त्या वर्षी लीगमध्ये इतकी वाईट नोंद दुसऱ्या कोणाचीही नव्हती आणि त्या २७ चुकांवर पांघरूण घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्यानंतरची दोन वर्षे पाहा. २०१४ मध्ये त्याने ३० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले, २०१५ मध्ये ३५ दिले, आणि दोन्ही वर्षांत इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) चौदाच्या वर गेली नाहीत. आकड्यांच्या दृष्टीने ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम वर्षे म्हणावी लागतील. तरीही दोन्ही हंगामांत जायंट्सने सहा सामने जिंकले आणि दहा हरले, कारण समोरच्या संघाला अडवणारे कोणी संघात उरले नव्हते. २०१५ मध्ये समोरच्या संघाला यार्ड मिळवण्यापासून रोखण्यात जायंट्सची बचावफळी लीगमध्ये सर्वांत शेवटी होती. मग आले २०१६. बचाव सुधारला, ईलायचे स्वतःचे आकडे मात्र घसरून २६ टचडाउन आणि १६ इंटरसेप्शनवर आले, आणि संघाने अकरा सामने जिंकले! ही तीन वर्षे शेजारी शेजारी ठेवली की ‘क्वार्टरबॅकचे विजय’ हा शब्दप्रयोग किती सांभाळून वापरायला हवा ते आपल्या मुलालाही दिसेल. त्याला हुशार मुलाचा मान देऊनच हे सांगा, कारण त्याने प्रश्न योग्य विचारला आहे.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : मी अलीकडेच हा खेळ पाहू लागलो आहे. एका बाजूने अकरा खेळाडू खेळतात, बचावाला वेगळे अकरा उतरतात, तरी विजय-पराभव एकट्या क्वार्टरबॅकच्या नावावर का लिहितात?

उत्तर : कारण आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक डावपेचात चेंडू आधी त्याच्या हातात येतो. संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, आणि असे करत करत शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन होतो. प्रत्येक प्रयत्नात क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते की चेंडू धावणाऱ्याला द्यायचा, की पुढे पळत गेलेल्या चार-पाच जणांपैकी एकाकडे फेकायचा, की स्वतःच जवळ ठेवायचा. आणि तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे किलो वजनाची माणसे त्याला आडवे करण्यासाठी धावून येत असतात. त्यांनी त्याला चेंडूसकट पाडले तर त्याला सॅक म्हणतात. फेकलेला पास समोरच्या संघाने झेलला तर ते इंटरसेप्शन, आणि चेंडू त्यांचा होतो. आपल्याकडे क्रिकेटमध्ये कर्णधाराच्या नावावर विजय मोजतात तसेच हे आहे, फक्त हा कर्णधार प्रत्येक चेंडू स्वतः खेळतो अशी कल्पना करावी. श्रेय आणि दोष दोन्ही त्याच्या पदरात वाजवीपेक्षा जास्त पडतात, हे खेळाडूंनाही ठाऊक असते आणि ते स्वीकारूनच ते ती जागा घेतात.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : २००८ च्या अंतिम सामन्यात न्यू इंग्लंड पॅट्रियट्सला १४ गुणांवर रोखणारी बचावफळी जायंट्सची होती. शेवटचा तो हेल्मेटवरचा झेल निव्वळ नशीब होते. मग दोन्ही वेळा सामनावीराचा मान ईलायला का? त्याची थोरवी उसनी तर नाही?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग मी पूर्णपणे मान्य करतो. त्या हंगामात पॅट्रियट्सने साखळी फेरीत ५८९ गुण केले होते आणि एकही सामना न हरता, सलग १८ विजय घेऊन ते ३ फेब्रुवारी २००८ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला आले होते. मायकेल स्ट्रेहन, जस्टिन टक आणि त्यांच्या सोबत्यांनी पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला पाच वेळा सॅक केले नसते, तर शेवटच्या चढाईची वेळच आली नसती. स्ट्रेहन आणि टक यांच्यापैकी एकाला सामनावीर निवडले असते तरी मी तक्रार केली नसती.

परंतु नशिबाचे म्हणाल तर ती चढाई पुन्हा एकदा सावकाश पाहायला हवी. मी ती पहिल्यांदा न्यू जर्सीत एका मित्राच्या घराच्या तळघरात, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या पंधरा-वीस जणांत पाहिली आणि त्यानंतर किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. जायंट्स १०-१४ असे मागे होते. २ मिनिटे ३९ सेकंद उरलेले होते आणि चेंडू त्यांच्याच १७ यार्डांच्या रेषेवर होता. म्हणजे ८३ यार्ड जायचे होते. वाटेत चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना ब्रँडन जेकब्जने अंग झोकून तो मिळवला. पुढे ईलायने फेकलेला एक पास पॅट्रियट्सच्या असांटे सॅम्युएलच्या बोटांना लागून निसटला. तो त्याने झेलला असता तर सामना तिथेच संपला असता. इथे नशीब होते, हे मी हातचे न राखता कबूल करतो.

त्याच्या पुढच्याच प्रयत्नात तो प्रसिद्ध झेल आला. तिसरा प्रयत्न, पाच यार्ड हवेत, घड्याळात १ मिनिट १५ सेकंद. जारव्हिस ग्रीनने मागून ईलायची जर्सी मुठीत धरली. रिचर्ड सीमोरनेही त्याला पकडले. कॅमेऱ्यात जर्सी ताणली गेलेली स्पष्ट दिसते आणि तळघरात आमच्यापैकी कोणीतरी ‘गेला!’ म्हणून डोळे झाकून घेतले होते. ईलायला चपळ कोणीही म्हटलेले नाही. तरीही तो त्या घोळक्यातून मागच्या बाजूने सुटला, दोन पावले मागे सरला, पाय रोवून उभा राहिला आणि त्याने मैदानाच्या मध्यभागी लांब पास फेकला. डेव्हिड टायरीने उडी मारून तो पकडला, रॉडनी हॅरिसन त्याच्या हातावर जोराने मारत असताना एका हाताने चेंडू हेल्मेटवर दाबून धरला आणि तसाच तो पाठीवर पडला. ३२ यार्ड मिळाले. ज्या टायरीने संपूर्ण साखळी फेरीत चार पास झेलले होते, त्याचा हा झेल होता. झेल टायरीचा, हे खरे. पण दोघांच्या तावडीतून सुटणे ईलायचे होते, आणि ते नशिबाच्या खात्यात टाकणे मला मान्य नाही.

त्यानंतरचा एक पास मात्र लोक विसरतात. तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्ड हवे असताना ईलायने स्टीव्ह स्मिथला मैदानाच्या कडेला १२ यार्डांचा पास दिला. आकाशात उडालेला चेंडू नाही, हेल्मेट नाही, काही नाही. फक्त अवघड वेळी अचूक टाकलेला चेंडू. लगेच पुढे १३ यार्डांवरून प्लॅक्सिको बरेसला टचडाउन, ३५ सेकंद बाकी, आणि १७-१४.

दुसऱ्या विजेतेपदाच्या बाबतीत तर बचावफळीचा युक्तिवाद टिकतच नाही. २०११ च्या हंगामात जायंट्स नऊ सामने जिंकले आणि सात हरले. त्यांनी साखळी फेरीत ३९४ गुण केले आणि ४०० दिले. केलेल्यांपेक्षा जास्त गुण देऊन सुपर बोल जिंकणारा त्यापूर्वी एकही संघ नव्हता. धावून यार्ड मिळवण्यात तो संघ लीगमध्ये शेवटचा, म्हणजे बत्तिसावा होता आणि समोरच्यांचे यार्ड रोखण्यात त्याची बचावफळी सत्ताविसावी होती. मग राहिले काय? ईलायने त्या हंगामात ४,९३३ यार्डांचे पास दिले आणि चौथ्या सत्रात, म्हणजे सामना हातातून जाण्याच्या वेळी, १५ टचडाउन पास दिले. हा विक्रम होता. ५ फेब्रुवारी २०१२ रोजी इंडियानापोलिसला पुन्हा पॅट्रियट्ससमोर, १५-१७ असे मागे असताना आणि ३ मिनिटे ४६ सेकंद उरलेले असताना, स्वतःच्या १२ यार्डांच्या रेषेवरून पहिलाच पास त्याने डाव्या कडेला मारिओ मॅनिंगहॅमकडे टाकला. दोन बचावपटूंच्या मधल्या टोपलीएवढ्या जागेत तो चेंडू उतरला. ३८ यार्ड! पॅट्रियट्सने दाद मागितली, पंचांनी पुन्हा पाहिले, दोन्ही पावले आत होती. जायंट्स २१-१७ असे जिंकले. त्या दिवशी ईलायने ४० पैकी ३० पास पोहोचवले आणि एकही समोरच्या संघाला दिला नाही. याला उसनी थोरवी म्हणता येणार नाही.

प्रश्न (एक वाचक, सॅन डिएगो) : आमच्या चार्जर्स संघाने २००४ मध्ये नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) त्याला सर्वांत पहिला निवडले आणि त्याने आमच्याकडे खेळायला नकार दिला. त्याच्या वारशाची चर्चा करताना हे कोणी बोलत नाही. आम्ही ते का विसरावे?

उत्तर : विसरू नये. २४ एप्रिल २००४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चार्जर्सची जर्सी हातात धरून उभा असलेला, चेहऱ्यावर आनंदाची रेषाही नसलेला ईलाय आपल्या गावच्या लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि तो अपमान त्यांना लागला असेल तर त्यात गैर काही नाही. जे खेळाडू आपल्याला निवडणाऱ्या संघाकडे गुपचूप जातात त्यांच्याजवळ आर्ची मॅनिंगसारखा नामवंत बाप नसतो, हेही मला मान्य आहे. माझ्या मते तो नकार त्याच्या हक्कातला होता, परंतु तो ज्या रीतीने उघड केला गेला त्यात त्या शहराचा विचार नव्हता.

मात्र आपल्या संघाचे नुकसान झाले असे इतिहास सांगत नाही. जायंट्सने चौथ्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स आणि त्यासोबत आणखी काही निवडींचे हक्क देऊन ईलायला घेतले. रिव्हर्सने आपल्याकडे दीर्घकाळ निष्ठेने आणि बहुतेक वर्षी ईलायपेक्षा नेमका खेळ केला. रिव्हर्सला सुपर बोल खेळायला मिळाला नाही, ईलायने दोन जिंकले. या एका व्यवहारावर दोन्ही शहरांतले चाहते इतकी वर्षे भांडत आले आहेत, आणि दोन्हीकडे मुद्दे आहेत. क्वार्टरबॅक जॉन एलवेने १९८३ साली बाल्टिमोरच्या संघाला असाच नकार दिला होता आणि पुढे तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे निवड समितीने हा दोष यापूर्वी कोणाला भोवू दिलेला नाही. चाहत्यांनी मात्र तो लक्षात ठेवण्याला माझी हरकत नाही.

प्रश्न (एक वाचक, जर्सी सिटी) : मी जायंट्सची तीस वर्षांची चाहती आहे. २०१३ च्या हंगामात पहिले सहा सामने हरल्यावर मी स्टेडियममध्ये त्याच्या नावाने ओरडले होते. २०१७ साली त्याला बाकावर बसवले तेव्हा मी रडले. हे दोन्ही कसे काय खरे असू शकते, आणि आता मला वाटणारी ओढ म्हणजे फक्त पश्चात्ताप आहे का?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्यासारखे वाटणारी माणसे त्या स्टेडियममध्ये हजारोंनी होती.

२०१७ साली काय घडले ते इतर वाचकांसाठी सांगतो. २१ नोव्हेंबर २००४ ला पहिला सामना सुरुवातीपासून खेळल्यापासून ईलायने साखळी फेरीतला एकही सामना चुकवला नव्हता. खांदे दुखले, टाचा दुखल्या, संघ कोसळला, पण रविवारी तो मैदानावर असायचाच. अशा सलग २१० सामन्यांनंतर, संघाने अकरांपैकी नऊ सामने गमावलेले असताना, प्रशिक्षक बेन मॅकअडू यांनी त्याच्याऐवजी जीनो स्मिथला खेळवायचे ठरवले. सामन्याची सुरुवात तू कर, म्हणजे तुझी मालिका टिकेल, आणि मग आम्ही तुला बदलू, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवला गेला. त्याने तो नाकारला, कारण नावापुरती टिकवलेली मालिका ही त्याच्या लेखी मालिका नव्हती. पत्रकारांशी बोलताना त्याचा कंठ दाटून आला. कोणावर आरोप केला नाही, संघमालकांबद्दल वावगा शब्द काढला नाही. ३ डिसेंबरला जायंट्स ओकलंडमध्ये हरले आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक जेरी रीस या दोघांनाही संघाने काढून टाकले. पुढच्या रविवारी ईलाय पुन्हा मैदानात होता.

माझे म्हणणे असे की आपण ओरडला होतात ते खेळावर आणि रडलात ते माणसासाठी. त्यांत विसंगती नाही. सहा सामने सलग हरणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकवर रागावण्याचा हक्क तिकीट काढून थंडीत बसणाऱ्या चाहत्याला असतो. पण ज्या माणसाने तेरा वर्षे आपल्याला कधी वाट पाहायला लावले नाही, त्याला अशा रीतीने बाजूला सारलेले पाहवत नाही. माझ्या ओळखीचे एक काका, जे ईलायच्या प्रत्येक इंटरसेप्शनला हात कपाळावर मारून घेत, त्यांनी त्या आठवड्यात दूरचित्रवाणी संच लावलाच नाही.

पश्चात्तापाबद्दल एक वेगळा विचार मांडतो. २६ सप्टेंबर २०२१ रोजी जायंट्सने त्याचा १० क्रमांक निवृत्त केला. मध्यंतराच्या त्या सोहळ्यात प्रेक्षकांनी ईलायला उभे राहून दाद दिली आणि त्याच सोहळ्यात बोलायला उठलेल्या संघमालकांची हुर्यो उडवली. त्या दिवशीचा सामनाही संघ हरला. तो गेल्यानंतरची वर्षे इतकी खडतर गेली की त्याची आठवण आपोआप गोड होत गेली. ओढ म्हणजे काही अंशी आजच्या दुखण्याचे नाव आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही तिच्या खाली काहीतरी खरे आहे. २०१९ साली तिसऱ्या आठवड्यात डॅनियल जोन्सला जागा देऊन त्याला बाकावर बसावे लागले, डिसेंबरमध्ये जोन्स जखमी झाला म्हणून ईलाय पुन्हा आला, आणि १५ डिसेंबरला मायामीविरुद्ध त्याने ३६-२० असा विजय मिळवून दिला. सामना संपायला थोडा अवकाश असताना प्रशिक्षकांनी त्याला मुद्दाम बाहेर बोलावले, म्हणजे प्रेक्षकांना त्याचा निरोप घेता यावा. ज्या स्टेडियममध्ये आपण कधीकाळी ओरडला होतात, तेच स्टेडियम त्या वेळी उभे राहिले होते. तोच विजय हा त्याचा ११७ वा.

प्रश्न (एक वाचक, बेळगाव) : थेट विचारतो. हॉल ऑफ फेममध्ये तो जावा का?

उत्तर : जावा. पहिल्या वर्षी निवड झाली नाही याचे मात्र मला आश्चर्य वाटले नाही. ओहायोतल्या कँटनमध्ये, जिथे हे हॉल ऑफ फेम आहे, प्रवेश मिळवायला मतदारांपैकी किमान ८० टक्के मते लागतात आणि २०२५ मध्ये अवघ्या चौघांना ती मिळाली.

विरुद्ध बाजूचे मुद्दे हलके नाहीत. तो एकदाही लीगच्या सर्वोत्तम संघात, ज्याला ऑल-प्रो म्हणतात त्यात, निवडला गेला नाही. तीन हंगामांत सर्वाधिक इंटरसेप्शन त्याच्या नावावर लागली. एकूण ३६६ टचडाउनसमोर २४४ इंटरसेप्शन आहेत. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध त्याने चार पास समोरच्यांच्या हातात दिले आणि त्यांतल्या तीन पासांचे त्यांनी थेट टचडाउन केले. दहा आठवड्यांनी तोच माणूस सुपर बोलचा सामनावीर होता. त्याच्या कारकिर्दीत हे असे सतत होत राहिले, आणि मतदारांना स्थिरता हवी असते.

बाजूचे मुद्दे असे. निवृत्त झाला तेव्हा पासच्या यार्डांत आणि टचडाउन पासमध्ये तो इतिहासात सातवा होता. बाद फेरीत आठ विजय, चार पराभव. दोन्ही विजेतेपदांच्या मोहिमा मिळून आठ सामन्यांत त्याने १५ टचडाउन दिले आणि फक्त दोन इंटरसेप्शन. यांतले पाच सामने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे होते आणि त्यांतला एक जानेवारी २००८ मधला, ग्रीन बेच्या उणे अठरा अंश सेल्सिअसच्या थंडीतला. सुपर बोलचा सामनावीर दोनदा होण्याचा मान त्याच्यापूर्वी फक्त बार्ट स्टार, टेरी ब्रॅडशॉ, जो मोंटाना आणि टॉम ब्रेडी यांना मिळाला होता.

जुन्या काळचा क्वार्टरबॅक जो नेमथ याचे उदाहरण इथे टाळता येत नाही. त्याच्या नावावर १७३ टचडाउन आणि २२० इंटरसेप्शन आहेत, हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा एकाने जास्त आहेत, आणि तरी जानेवारी १९६९ मधल्या एका विजयाने त्या खेळाचे रूप बदलले म्हणून तो १९८५ पासून कँटनमध्ये आहे. ते योग्यच झाले असे मी मानतो. पण मग क्वार्टरबॅक जिम प्लंकेटचे काय? त्याने रेडर्स संघाला दोन सुपर बोल जिंकून दिले, त्याचे साखळी फेरीतले विजय-पराभवही ईलायसारखेच समसमान, ७२ आणि ७२. तो अजूनही बाहेर आहे. ईलायच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी प्लंकेटचे नाव मध्येच गाळू नये. ईलायचे दीर्घ सातत्य आणि त्याची यार्डे प्लंकेटपाशी नाहीत, हा फरक खरा आहे. परंतु तोच निकष लावायचा तर सोयीने लावता येणार नाही.

प्रश्न (एक वाचक, नागपूर) : भाऊ पेटनसोबत तो दूरचित्रवाणीवर सामन्यांचे समालोचन करतो, वेष पालटून विद्यापीठाच्या संघाच्या चाचणीला जातो. या गमतीजमतींमुळे आपण त्याच्या खेळाकडे मायेने पाहू लागलो आहोत, असे नाही का?

उत्तर : थोडे तसे झाले आहे. २०२१ पासूनच्या त्या कार्यक्रमाने एका अबोल माणसाचा मिश्कील स्वभाव लोकांपुढे आणला. पण माया वाढली म्हणून २४४ चे २०० होत नाहीत, आणि मी वर दिलेला एकही आकडा त्या कार्यक्रमातून आलेला नाही.

प्रश्न (एडिसनच्याच वाचकाचे दुसरे पत्र) : मुलाला त्याचा एकच संपूर्ण सामना दाखवायचा झाला तर कोणता दाखवू? सुपर बोलचे तुकडे त्याने पाहिलेले आहेत.

उत्तर : सुपर बोल नको. २२ जानेवारी २०१२ चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला सामना दाखवा. सुपर बोलच्या आधीची ती फेरी होती, मैदान पावसाने चिखल झालेले होते, आणि समोर त्या काळातली अत्यंत आडदांड बचावफळी होती. ईलायने त्या दिवशी ५८ वेळा पास टाकला. सहा वेळा त्याला सॅक केले गेले, आणि पास सोडल्यानंतर तो कितीतरी वेळा जमिनीवर आदळला. एकही पास त्याने समोरच्यांना दिला नाही. सामना जादा वेळात गेला आणि लॉरेन्स टाइन्सच्या ३१ यार्डांच्या किकने जायंट्स २०-१७ असे जिंकले, त्यामुळे शेवटच्या क्षणी ईलाय चौकटीत दिसतही नाही.

मुलाला चेंडूकडे पाहू नको असे सांगा. पास गेल्यावर कॅमेरा चेंडूमागे जातो, तो परत येईपर्यंत थांबायला सांगा. हेल्मेट वाकडे झालेले, जर्सी चिखलाने माखलेली, आणि तो कोणाकडेही न पाहता उठून, हेल्मेट सरळ करत, पुढचा डाव सांगायला आपल्या दहा जणांकडे चालत निघालेला असतो. हे त्या एका संध्याकाळी कितीदा दिसते ते त्यालाच मोजू द्या.